सूक्ष्माचा उपासक : स्टीफन हिस्लॉप

थोरामोठ्यांची नावे मागे राहतात ती नाना प्रकारांनी. कोणाचे नाव रस्त्याला मिळते, कोणाचे वाचनालयाला, तर कोणाचा पुतळा भर चौकात उभा राहतो. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील हिस्लॉप महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या स्टीफन हिस्लॉप ह्यांच्या वाट्याला मात्र एक आगळाच मान आला. त्यांचे नाव एका प्राण्याला मिळाले. हा प्राणी वाघासारखा रुबाबदार नाही की मोरासारखा देखणा नाही. तो होता ओंजळीत सहज मावेल एवढा, किडेमुंग्या खाऊन पोट भरणारा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या दख्खनच्या भूमीवर वावरणारा. धर्मप्रसारासाठी सातासमुद्रांपलीकडून आलेल्या गृहस्थाचे नाव ह्या इवल्याशा जीवाला कसे मिळाले, आणि जेथे महाकाय प्राणी नामशेष झाले तेथे असे चिमुकले जीव काय खाऊन तगले, ही हकिगत मोठी उद्बोधक आहे.

स्टीफन हिस्लॉप ह्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स ह्या गावी झाला. त्यांचे वडील गवंडीकाम करीत. रॉबर्ट ह्या थोरल्या भावाच्या सहवासात स्टीफनला बाळपणीच एक छंद जडला. दोघे भाऊ गावाभोवतालच्या शिवारात हिंडत, किडे, भुंगेरे नि दगडगोटे गोळा करीत आणि ते निरखून पाहत. पुष्कळ मुलांना असले छंद असतात व वयाबरोबर ते मागे पडतात. स्टीफनचे तसे झाले नाही. एडिंबरो व ग्लासगो येथे उच्च शिक्षण घेऊन त्यांनी धर्मोपदेशकाचा व्यवसाय पत्करला, तरी लहानसहान वस्तूंपुढे थांबण्याची, वाकून त्यांच्याकडे पाहण्याची सवय त्यांनी सोडली नाही. ह्या एका सवयीने पुढे विदर्भाच्या भूमीचा प्राचीन इतिहास उलगडण्यास मोठे साहाय्य केले.

१८४४ साली स्कॉटलंडच्या फ्री चर्चने नागपुरास नवे ठाणे उघडण्याचे ठरविले व त्या कामी हिस्लॉप ह्यांची नेमणूक केली. पत्नी इरॅस्मा हिच्यासह ते डिसेंबर १८४४ मध्ये मुंबईस पोचले आणि १८४५ च्या फेब्रुवारीत नागपूर परिसरात दाखल झाले. त्या वेळी नागपुरात तिसरे रघूजी भोसले राज्य करीत होते. आगगाडी नागपुरास आली ती १८६७ साली, म्हणजे त्यानंतर २२ वर्षांनी. मुंबईहून नागपूर गाठायचे तर खाचखळग्यांचे रस्ते, नद्यांचे उतार आणि दिवसचे दिवस चालणारा प्रवास ह्यांना तोंड द्यावे लागे. हिस्लॉप ह्यांनी लोकांची भाषा शिकण्यास आरंभापासूनच महत्त्व दिले व परिश्रमपूर्वक मराठी आत्मसात केली. १८४६ साली त्यांनी नागपुरात शाळा सुरू केली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर नावाचे सहकारी त्यांना येऊन मिळाले. हंटर ह्यांनाही निसर्गाच्या अभ्यासाची गोडी होती. शाळा आणि धर्मकार्य ह्यांतून उरलेला वेळ हे दोघे मित्र नागपूरच्या आसपास पायी भटकण्यात घालवीत.

आता नागपूरच्या भूमीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. शहराच्या मध्यभागी सीताबर्डीची टेकडी आहे. तिचा काळाकभिन्न कातळ हा वस्तुतः थिजलेला लाव्हारस आहे. पश्चिमेस मुंबईपासून पूर्वेस नागपूरपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे, सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर असा काळा पाषाण पसरला आहे. तो एका दमात पसरलेला नव्हे. भूमीला लांबच लांब भेगा पडत, त्यांतून तप्त रस उसळे, दूरवर वाहत जाई आणि थंड होऊन त्याचा खडक बने. मग कित्येक शतके, कधी सहस्रावधी वर्षे, सारे शांत असे. खडक झिजून माती होई. मातीत बी रुजे. खोलगट जागी पाणी साचून तळी बनत, तळ्यांत गोगलगाई नि मासे येत, काठी झाडे वाढत आणि झाडांवर किडे बागडत. अशी सृष्टी फुलली की पुन्हा एखादे दिवशी भूमी फाटे, आणि नव्या लाव्ह्याखाली ते तळे, तो चिखल व त्यात पडलेले सारे काही गाडले जाई. दोन काळ्या खडकांच्या मध्ये सापडणारा, क्वचित हात-दीड हात जाडीचा फिकट थर म्हणजे त्या बुजलेल्या तळ्याचा चिखल होय. जाड भिंतीच्या दोन चिऱ्यांमधील चुन्याची रेघ दिसावी तसा तो दिसतो.

अशा बारीक रेघेकडे कोण लक्ष देणार? त्या वाटेने शेतकरी जात, शिपाई जात, व्यापारी जात. १८५१ च्या सुमारास नागपूरच्या पश्चिमेस टाकळीच्या बाजूला फिरताना हिस्लॉप व हंटर ह्यांची नजर ह्या थरावर स्थिरावली. त्यातील दगडांत त्यांना गोगलगाईंचे शंख दिसले. हे शंख समुद्रातले नव्हते. गोड्या पाण्याच्या डबक्यात राहणाऱ्या गोगलगाईंचे ते होते. तेव्हा ह्या काळ्या कातळाच्या पोटात एके काळी गोड्या पाण्याचे तळे होते, हे उघड झाले. मग दोघांनी तो थर हातोडी व भिंग घेऊन चिकाटीने तपासण्यास प्रारंभ केला. त्यांना अश्मीभूत लाकूड मिळाले, फळे मिळाली, मोहरीएवढ्या नि मुगाएवढ्या बिया मिळाल्या. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतील असे कवचधारी जलजीव मिळाले. आणि आपल्या कथेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, किड्यांची पंखकवचे मिळाली.

भुंगेऱ्याच्या पाठीवर दोन कठीण झाकणे असतात व त्यांखाली त्याचे उडण्याचे नाजूक पंख दुमडलेले असतात. भुंगेरा मेला की त्याचे मऊ अंग कुजून जाते, परंतु ही झाकणे टिकाव धरतात. टाकळीच्या थरात अशी झाकणे दगडात उमटून राहिली होती. बाळपणी डन्सच्या शिवारात भुंगेरे गोळा करणाऱ्या हिस्लॉप ह्यांना ती ओळखण्यास कितीसा वेळ लागणार? त्यांनी ती काळजीपूर्वक विलायतेस धाडली आणि १८६० साली अँड्र्यू मरे ह्या तज्ज्ञाने त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. हिस्लॉप व हंटर ह्यांचा नागपूर परिसराच्या भूरचनेवरील निबंध १८५५ साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. १८६० मध्ये लाव्ह्याच्या थरांमधील निक्षेपांवर हिस्लॉप ह्यांचा आणखी एक विस्तृत निबंध प्रकाशित झाला. नागपूरच्या टाकळीचे नाव युरोपातील विद्वानांच्या तोंडी झाले ते ह्या निबंधांमुळे.

त्यांच्या शोधाचे क्षेत्र टाकळीपुरते मर्यादित नव्हते. कामठीच्या वालुकाश्मातून त्यांनी प्राचीन वनस्पतींच्या पानांचे ठसे मिळविले. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे मिळालेली एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी विलायतेस गेली आणि प्रख्यात शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन ह्यांनी १८५५ साली तिचे वर्णन केले. वरोऱ्याच्या बाजूस पिसदुरा ह्या गावाजवळ त्यांना प्रचंड हाडांचे अवशेष आढळले. ती हाडे महाकाय सरटांची, म्हणजे डायनोसॉरांची होती, हे पुढील काळात स्पष्ट झाले. त्यांच्या गुणांची बूज समकालीन शास्त्रज्ञांनी राखली. नागपूर भागातील एका हिरव्या खनिजाला हिस्लोपाइट असे नाव मिळाले. गोड्या पाण्यात वसाहत करून राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवाला कार्टर ह्या शास्त्रज्ञाने १८५८ साली हिस्लोपिया म्हटले. एका प्राचीन माशालाही त्यांचे नाव देण्यात आले. ह्यांपैकी बहुतेक वस्तू लहान, दुर्लक्षित, पायदळी येणाऱ्या अशाच होत्या हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

निसर्गाप्रमाणे माणसांकडेही ते अशाच आस्थेने पाहत. सातपुड्याच्या डोंगरांत राहणाऱ्या गोंड लोकांची भाषा, त्यांचे शब्द, त्यांची देवते व लिंगोची दीर्घ कथागीते त्यांनी टिपून ठेवली. ज्यांची दखल कोणी घेत नाही त्यांची दखल घ्यावी, असा त्यांचा स्वभावच होता.

अशा उद्योगी पुरुषाचा अंत फार अकाली झाला. नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे प्राचीन शिळावर्तुळे आहेत. मोठमोठ्या शिळा गोलाकार मांडून तयार केलेली ती दफनस्थाने होत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल ह्यांच्यासह हिस्लॉप ती पाहण्यास गेले होते. परतताना एका शाळेची तपासणी करण्यासाठी ते मागे राहिले आणि मग घोड्यावर बसून एकटेच बोरीच्या मुक्कामाकडे निघाले. दिवस पावसाळ्याचे होते. वाटेतील नाल्याला पाण्याचा फुगवटा आला होता. अंधारात तो ओलांडताना ते बुडाले. वयाची ४६ वर्षे पूर्ण होण्यास अवघे चार दिवस उरले होते. गोंड लोकांविषयीची त्यांची टिपणे टेंपल ह्यांनी १८६६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, आणि १८८३ साली नागपुरात सुरू झालेल्या महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले.

एवढ्यावर त्यांचे चरित्र संपावयास हवे होते. परंतु भूमीच्या पोटातील ज्या अरुंद दालनाचे दार त्यांनी उघडले होते, त्यात अजून पुष्कळ काही दडलेले होते. टाकळीच्या तळ्याकाठी किडे होते, हे हिस्लॉप ह्यांनी दाखविले. जेथे किडे आहेत तेथे किडे खाणाराही कोणी असलाच पाहिजे. तो कोण?

ह्या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते हिस्लॉप ह्यांच्या मृत्यूनंतर बरोबर १२५ वर्षांनी, आणि तेही नागपूरपासून दूर. दख्खनच्या लाव्ह्याचे पठार दक्षिणेस हैदराबादच्या पश्चिमेपर्यंत पसरले आहे. तेथे, सध्याच्या तेलंगण राज्यात, विकाराबादजवळ नासकल नावाचे गाव आहे. टाकळीप्रमाणेच तेथेही दोन लाव्ह्यांच्या मध्ये जुन्या तळ्याचा थर आहे. जी. व्ही. आर. प्रसाद व अशोक साहनी ह्या भारतीय शास्त्रज्ञांनी तेथील मातीचा अभ्यास केला. त्यांची पद्धत मोठी चिकाटीची होती. थरातील माती आणून ती पाण्यात भिजवायची, मऊ झाली की बारीक चाळणीतून धुवायची, आणि चाळणीत उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली कण कण करून तपासायचा. घरातील वडीलधारी बाई सुपातल्या तांदळातून खडे वेचते तसेच हे काम, फरक इतकाच की येथे खड्यांच्या राशीतून तांदूळ वेचायचा असतो, आणि तो तांदूळही खसखशीएवढा असतो.

ह्या गाळात त्यांना काही दाढा सापडल्या. एकेका दाढेची लांबी एक मिलिमीटरच्या आसपास होती. पण दाढ केवढीही असली तरी जाणत्याला ती पुष्कळ काही सांगते. ती दाढ सस्तन प्राण्याची होती, आणि ज्या काळी डायनोसॉर अद्याप पृथ्वीवर नांदत होते त्या काळची होती. क्रिटेशस नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या कालखंडातील सस्तन प्राणी तोवर भारतात कोणालाच मिळाला नव्हता. १९८८ साली हा शोध प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञांनी प्राण्याचे नाव ठेवले डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी. पहिल्या शब्दात दख्खनचे नाव आहे व त्याला जोडलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ लुटारू असा होतो. दुसरा शब्द हिस्लॉप ह्यांच्या स्मरणार्थ आहे. दख्खनच्या रानात किड्यांची लूट करणाऱ्या ह्या छोट्या लुटारूला, त्या रानातील किडे प्रथम ओळखणाऱ्या माणसाचे नाव मिळाले, हा योगायोग किती समर्पक आहे!

हा प्राणी किडे खात होता हे कशावरून? पुन्हा दाढेवरूनच. गवत खाणाऱ्या गाईची दाढ जात्याच्या तळीसारखी रुंद व सपाट असते. मांस फाडणाऱ्या वाघाची दाढ सुरीच्या पात्यासारखी असते. किडे खाणाऱ्या लहान प्राण्याचे काम दुहेरी असते. किड्याचे कवच टणक, त्यातला गर मऊ. म्हणून त्याच्या दाढेवर टोकदार सुळके असतात आणि त्यांना जोडणाऱ्या धारदार कडा असतात. वरची व खालची दाढ एकमेकींवर घासून गेली की अडकित्त्यात सुपारी कातरावी तसे कवच कातरले जाते. लगेच वरच्या दाढेचा एक उंचवटा खालच्या दाढेच्या खळग्यात बसतो, आणि खलबत्त्यात कुटावे तसा गर कुटला जातो. अडकित्ता नि खलबत्ता ही दोन्ही अवजारे एकाच दाढेत! डेक्कनोलेस्टिसच्या दाढांची घडण अशीच आहे. पुढे नासकललाच त्याच्या घोट्याची बारीक हाडेही सापडली. त्या हाडांची ठेवण झाडावर चढणाऱ्या प्राण्यांसारखी आहे. ह्यावरून, दोन लाव्ह्यांच्या मधल्या शांत काळात उगवलेल्या झाडांच्या फांद्यांवर तो किडे टिपत हिंडत असावा, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. २०१० साली नर्मदेच्या खोऱ्यातील किसलपुरी येथून त्याच्या आणखी एका जातीची नोंद झाली.

असा प्राणी कसा जगत असेल ह्याची कल्पना यावी म्हणून आपल्या घरी रात्री भिंतीच्या कडेने धावणारी चिचुंद्री आठवावी. चिचुंद्री ही डेक्कनोलेस्टिसची वंशज नव्हे. परंतु लहान देह व किड्यांचा आहार ह्या बाबतींत दोघांची राहणी मिळतीजुळती आहे. लोक चिचुंद्रीला उंदीर समजून मारतात. वास्तविक ती उंदराच्या कुळातील नाही. उंदराचे पटाशीचे दात जन्मभर वाढतात व तो धान्य, कापड, लाकूड कुरतडतो. चिचुंद्री झुरळे, किडे, गांडुळे अशांवर उपजीविका करते. तिची दृष्टी मंद असते, पण लांब सोंडेसारखे नाक आणि मिशांचे केस ह्यांच्या साहाय्याने अंधारातही तिला भक्ष्य बरोबर सापडते. तिच्या अंगच्या उग्र वासामुळे पुष्कळ शत्रू तिला टाळतात. तिची पिलेही मोठी गमतीदार. बिळाबाहेर पडताना पहिले पिलू आईच्या शेपटीच्या मुळाशी तोंडाने धरते, दुसरे पहिल्याला धरते, आणि ही चिमुकली आगगाडी आईमागोमाग निघते.

ह्या लहान प्राण्यांची भूक मात्र लहान नसते. हंडाभर तापलेले पाणी बराच वेळ ऊन राहते, वाटीभर पाणी पाहता पाहता निवते. देहाचेही तसेच आहे. देह जितका लहान, तितका त्याच्या वजनाच्या मानाने कातडीचा पसारा अधिक, आणि म्हणून अंगातील ऊब निघून जाण्याचे प्रमाणही अधिक. ही ऊब टिकविण्यासाठी चुलीत सारखे सरपण घालावे लागते. चिचुंद्रीच्या कुळातील सर्वांत लहान प्राणी केवळ दोन ग्रॅम वजनाचा असतो व तो भारतातही आढळतो. तो एका दिवसात आपल्या वजनाहून अधिक अन्न खातो, आणि त्याचे हृदय मिनिटाला हजाराहून अधिक वेळा धडधडते. असा प्राणी काही तासांवर उपाशी राहिला तर त्याच्या जिवावर बेतते. रात्र असो वा दिवस, थोडी विश्रांती आणि पुन्हा शिकार, असाच त्याचा जीवनक्रम चालतो.

येथे चाणाक्ष विद्यार्थ्यांच्या मनात एक शंका येईल. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवर घोर अनर्थ ओढवला. दख्खनमध्ये लाव्ह्याचे लोट उसळत होते, विषारी वायू हवेत मिसळत होते. त्याच काळात मेक्सिकोच्या किनाऱ्याशी अंतराळातून प्रचंड पाषाण येऊन आदळला. उडालेल्या धुळीने नि काजळीने सूर्य झाकोळला, आणि सजीवांच्या सुमारे तीन-चतुर्थांश जाती नष्ट झाल्या. डोंगराएवढे डायनोसॉर त्यात संपले. मग ज्याला काही तासांची उपासमार सोसत नाही, असा चिमुकला कीटकभक्षी कसा टिकला?

ह्याचे उत्तर त्याच्या आहारात आहे. डायनोसॉरांची भाकरी हिरव्या पाल्यावर अवलंबून होती. हिस्लॉप ह्यांना हाडे मिळाली त्याच पिसदुऱ्याच्या जमिनीतून अश्मीभूत विष्ठाही मिळाली आहे. तिच्या परीक्षणातून, तेथील मोठे शाकाहारी प्राणी नाना वनस्पती व गवतेही खात होते, असे २००५ साली दिसून आले. सूर्य झाकला गेला की पाला वाढत नाही. पाला नसला की पाला खाणारे मरतात, आणि ते मेले की त्यांना खाणारेही मरतात. मोठ्या देहाला रोज मणावारी अन्न लागते. ते एकाएकी बंद झाले तर कोठून आणणार? परंतु अरण्य मेले तरी त्याचा पालापाचोळा उरतो, वठलेली खोडे उरतात. त्यांवर बुरशी वाढते. अळ्या, वाळवी, भुंगेरे ह्यांना तोच आहार. ह्या किड्यांना खाणाऱ्याच्या घरची शिधोरी इतक्या लवकर रिती होत नाही. लहान प्राण्याला वरचेवर खावे लागते हे खरे, पण एकंदरीत लागते ते मूठभरच. तशात बिळात, ढोलीत, मुळांखाली दडून राहता येते. आजच्या चिचुंद्र्यांच्या काही जाती तर थंडीत वा अन्नटंचाईत देहाचा दाह मंद करून काही काळ निपचित पडून राहतात, आणि अशा रीतीने आपले सरपण वाचवितात. लहान प्राण्यांच्या पिढ्याही लवकर वाढतात, त्यामुळे थोडे वाचले तरी वंश पुन्हा सावरतो.

सर्वच लहान सस्तन प्राणी वाचले असे मात्र नाही. त्यांच्याही पुष्कळ जाती त्या संकटात लोपल्या. पण काही कुळे तरली. डेक्कनोलेस्टिस ज्या कुळातला मानला जातो, त्या कुळातील प्राण्यांचे अवशेष अनर्थानंतरच्या काळातील थरांतून युरोपात व आफ्रिकेत मिळाले आहेत. म्हणजे भारतातील हे प्राणी गेले, तरी त्यांचे भाऊबंद त्या काळरात्रीतून पार पडले. डायनोसॉरांची मोकळी झालेली भूमी पुढे सस्तन प्राण्यांनी व्यापली. हत्ती, देवमासे, वाघ, वानरे आणि मनुष्य ही सारी त्या काळी तगून राहिलेल्या लहानग्या जीवांचीच संतती होय.

हिस्लॉप ह्यांना ह्यातील काहीही ठाऊक नव्हते. टाकळीच्या थरांचे वय ठरविताना त्यांनी ते डायनोसॉरांच्या नंतरच्या काळातले मानले होते. आजच्या अचूक मोजमापांनी दख्खनचे लाव्हे त्या दोन युगांच्या सांध्यावर नेऊन ठेवले आहेत. शास्त्रात असे नेहमीच घडते. एकजण दार दाखवितो, दुसरा ते उघडतो, तिसरा दिवा घेऊन आत जातो. पहिल्याच्या अनुमानात पुढे दुरुस्ती झाली, म्हणून त्याने दार दाखविले ही गोष्ट खोटी ठरत नाही. टाकळीच्या दगडातले भुंगेऱ्याचे पंखकवच हिस्लॉप ह्यांनी जपून ठेवले नसते, तर दोन लाव्ह्यांच्या मध्ये अशी जिवंत सृष्टी नांदत होती ह्याची जाण येण्यास आणखी किती काळ लागला असता!

नागपूर आता फार बदलले आहे. हिस्लॉप ज्या माळांवर हातोडी घेऊन हिंडले तेथे वस्ती वाढली आहे. तरीही विहिरीच्या खोदकामात, रस्त्याच्या कडेला किंवा नाल्याच्या कापलेल्या काठात काळ्या खडकांच्या मध्ये एखादी फिकट रेघ अजून दिसते. विद्यार्थ्यांनी ती दिसताच क्षणभर थांबावे. तिच्यात एखादे तळे निजलेले असेल, त्याच्या काठचे झाड असेल, झाडावरचा किडा असेल आणि किड्याच्या मागे लागलेला एखादा इवलासा लुटारूही असेल. आणि रात्री भिंतीच्या कडेने चिचुंद्री धावत गेली, तर तिच्यावर काठी उगारण्यापूर्वी एवढे आठवावे की, मोठमोठ्यांना जे जमले नाही ते अशाच राहणीच्या जीवांनी करून दाखविले आहे.